लांब उडीच्या खड्ड्यातले घरटे : कासवांच्या हंगामापूर्वीच्या एका प्रशिक्षणाचे परीक्षण

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालण्यासाठी कोकणच्या किनाऱ्यावर येतात, आणि त्या दिवसांत वेळास, आंजर्ले, दिवेआगर, गुहागर अशा गावी जाऊन गस्तीला, नोंदींना व घरटी राखण्याला हातभार लावावा असे वाटणारे पुणेकर आता माझ्या ओळखीतही पाच-सहा तरी निघतात. अशा हौशी मंडळींना किनाऱ्यावर सोडण्याआधी थोडे शहाणे करावे, या हेतूने पुण्यातील एक निसर्गसंस्था दिवाळीनंतर दोन दिवसांचे प्रशिक्षण घेते, आणि यंदा मी व माझा भाचा असे दोघेही त्याला बसलो. शुल्क माणशी १,८०० रुपये होते व त्यात दोन्ही दिवसांचा नाश्ता, जेवण आणि साहित्याची एक पिशवी धरलेली होती. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि या क्षेत्रातली मंडळी इतकी मोजकी आहेत की एकाला बोलले तर दुसऱ्याला लागते. ज्यांना जायचेच आहे त्यांना दोन ठिकाणी विचारल्यावर पत्ता मिळेल.

माझे मत आधीच सांगून टाकते. या प्रशिक्षणाचा जो भाग वाळूत झाला तो पैसे वसूल करणारा आहे, आणि जो भाग पडद्यासमोर झाला तो निम्म्याने कमी केला असता तरी कोणाचे काही बिघडले नसते.

पहिला दिवस पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर सुरू झाला. बॅटरी पेटवायची नाही, मोबाइल पिशवीच्या तळाशी ठेवायचा आणि बोलायचे नाही, एवढ्याच सूचना होत्या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मध्येच कोणी मोबाइलचा पडदा उजळला की सगळ्यांची सवय पुन्हा पहिल्या पायरीवर येते, हे वाचून ठाऊक असणे वेगळे आणि मुरमाच्या वाटेवर ठेचकाळत कळणे वेगळे. वीस जणांच्या तुकडीत दोघांचे मोबाइल वाजलेच, आणि त्यातला एक माझ्या भाच्याचा होता. टेकडीच्या कडेवर उभे राहिलो तेव्हा शहराचा पिवळट उजेड आभाळावर चढलेला दिसत होता. त्याच उजेडाकडे बोट दाखवून प्रशिक्षकांनी पिलांची वाट कशी चुकते ते सांगितले. वाळूतून वर आलेले पिल्लू क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धाव घेते, मोकळ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, आणि पाठीमागे एखाद्या निवासाचे दिवे लागलेले असले की तेच पिल्लू उलट फिरून सुरूच्या बनात शिरते. हे वाक्य सभागृहात ऐकले असते तर मी वहीत उतरवून विसरून गेले असते. तिथे कोथरूडच्या दिव्यांसमोर ऐकल्यामुळे ते राहिले.

खरा धडा मात्र त्यानंतरचा होता. संस्थेने एरंडवण्यातील एका शाळेचे मैदान घेतले होते, आणि पुण्याला समुद्र नसल्याची अडचण त्या मैदानातल्या लांब उडीच्या खड्ड्याने भागवली होती. शिकवायला दापोली तालुक्यातून एक गृहस्थ आले होते, जे गेली अनेक वर्षे आपल्या गावच्या पुळणीवर घरटी राखत आले आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. तात्यांनी आल्या आल्या खड्ड्यातली मूठभर वाळू उचलली, बोटांच्या फटींतून खाली सोडली आणि म्हणाले, “ही वाळू नव्हे हो, हा दगडाचा भुगा.” ते खरेच होते, कारण खड्ड्यात बांधकामाची क्रश सँड भरलेली होती आणि ती कोरडी असताना हातभर खोल खड्डाही उभा राहत नव्हता. मग नळावरून बादल्या आणून ती भिजवली, अर्धा तास मुरू दिली, आणि त्या वेळात तात्यांनी एका फळीच्या तुकड्याने वाळूवर मादीचा माग काढून दाखवला. ऑलिव्ह रिडले डावा-उजवा पाय आळीपाळीने टाकत चालते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर न येता मागेपुढे पडतात. हिरवे कासव दोन्ही पुढचे पाय एकाच वेळी ओढते, म्हणून त्याचा माग दोन्हीकडे सारखा आणि जास्त रुंद असतो. माग वर गेलेला आणि खाली आलेला असा दोन्ही असला तरी मध्ये घरटे असेलच असे नाही, कारण कुत्रा भुंकला, उजेड दिसला किंवा वाळू पसंत पडली नाही तर मादी अंडी न घालताच परतते, हेही त्यांनी तिथेच सांगितले.

घरटे खणण्याचा सराव तीन-तीन जणांच्या गटांत झाला. प्रत्येक गटाला टेबल टेनिसचे ११० चेंडू दिले होते, कारण ऑलिव्ह रिडले एका वेळी साधारण १०० ते १२० अंडी घालते आणि अंड्याचा आकार जवळजवळ तेवढाच असतो. खड्डा हातानेच उकरायचा होता आणि त्याची खोली कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे दीड फुटाच्या आसपास ठेवायची होती. मला हे काम सोपे वाटले आणि मी भराभर वाळू उपसली. तात्या माझ्या खड्ड्यापाशी येऊन उकिडवे बसले व म्हणाले, “अहो ताई, तोंड एवढं मोठं केलंत तर डबकं झालं ते. घरी चंबू आहे ना? गळा बारीक, पोट मोठं. तसं हवं.” मादी मागच्या दोन पायांनी, मागे वळून न बघता, आळीपाळीने वाळू काढत हा चंबू घडवते, आम्हा तिघांना डोळे, हात आणि चाळीस मिनिटे असूनही तो दोनदा ढासळला. आकाराचा हा आग्रह उगाच नसतो. गळा अरुंद राहिला की आतला ओलावा व ऊब टिकते, आणि पिले बाहेर येताना एकाच्या धडपडीने दुसऱ्याची वाट मोकळी होत सगळी एकत्र वर सरकतात.

त्यानंतर चेंडू एका ‘घरट्यातून’ काढून दुसऱ्यात ठेवायचे होते. प्रत्येक चेंडूच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची बारीक फुली मारलेली होती, आणि ती फुली बादलीतही वरच राहिली पाहिजे व नव्या खड्ड्यातही वरच राहिली पाहिजे, असा नियम होता. आमच्या तुकडीत हडपसरकडचा एक तरुण होता, ज्याच्या घरी कोंबड्यांचा व्यवसाय आहे. त्याने विचारले की कोंबडी तर अंडी दिवसातून कितीदा तरी फिरवते, मग कासवाच्या अंड्यांचे एवढे सोवळे कशासाठी. दोन दिवसांतला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पिळदार धागे असतात. कासवाच्या अंड्यात ते नसतात, आणि अंडे घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या आतील बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले तर आतली नाजूक आवरणे फाटतात आणि गर्भ दगावतो. म्हणून अंडी हलवायचीच असतील तर पहिल्या काही तासांत हलवायची, नाहीतर हात लावायचा नाही. पहिल्या फेरीअखेर तात्यांनी आमच्या गटाचा खड्डा हलकेच उघडला तेव्हा १७ चेंडूंची फुली खाली गेलेली निघाली. “सतरा गेली,” एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या गटाकडे वळले.

येथे एक उणीव सांगितली पाहिजे. चेंडू पोकळ आणि टणक असतो. खरे अंडे मऊ, चामड्यासारख्या कवचाचे आणि त्याच्या दहापट तरी जड असते. शंभरावर अंडी बादलीत आल्यावर तळातल्यांवर किती भार पडतो आणि ती बादली घेऊन वाळूतून न हिंदकळता चालणे किती कठीण असते, याची कल्पना चेंडूंवरून येत नाही. बादलीत निदान तेवढ्या वजनाची वाळू भरून मैदानाला एक फेरी मारायला लावली असती तरी हे भागले असते.

सराव संपल्यावर सगळे चेंडू मोजले तेव्हा एक कमी भरला. जेवणाची वेळ झालेली होती, पिठले-भाकरी मांडलेली होती, आणि संयोजकांचे म्हणणे होते की राहू द्या, मिळेल नंतर. तात्या जागचे हलले नाहीत. हंगामात घरटे फुटल्यावर ते उकरून रिकामी कवचे, न फुटलेली अंडी आणि मेलेली पिले मोजावी लागतात आणि ती बेरीज पहिल्या दिवशीच्या नोंदीशी जुळावी लागते. त्यामुळे इथे एक ‘राहू द्या’ म्हटले तर तिथे दहा सोडून द्याल, असे त्यांचे म्हणणे पडले. चाळीस मिनिटे वीस माणसे खड्डा चाळत होती. काहींना हा अतिरेक वाटला व त्यांनी अभिप्रायाच्या कागदावर तसे लिहिलेही. माझ्या मते याच चाळीस मिनिटांसाठी या प्रशिक्षणाला जावे. चेंडू शेवटी आमच्याच गटाच्या ढासळलेल्या पहिल्या खड्ड्यात सापडला.

दुपारचे सत्र वातानुकूलित सभागृहात झाले आणि तिथे गाडी घसरली. वक्ते तरुण, अभ्यासू आणि नम्र होते, पण दीड तासातला निम्म्याहून जास्त वेळ त्यांनी अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील बॅरिअर आयलंडच्या, म्हणजे मुख्य किनाऱ्याला समांतर पसरलेल्या वाळूच्या लांबट, अरुंद बेटांच्या चित्रांवर घालवला. तिथले स्वयंसेवक लॉगरहेड जातीच्या कासवांचा हंगाम सुरू होण्याआधी लोकांनी खणलेले खड्डे कसे बुजवतात, किनाऱ्यावरच्या खुर्च्या व छत्र्या रात्री कशा उचलायला लावतात, समुद्राकडे तोंड असलेले दिवे कसे झाकून किंवा बदलून घेतात आणि पहाटे चालत जाऊन माग कसे शोधतात, हे सगळे पाहायला छान होते. परंतु आमच्यापैकी कोणी फ्लोरिडाला निघालेले नव्हते. आपल्या पुळणी दोन डोंगरी टोकांच्या मध्ये बसलेल्या, बहुधा एखाद्या खाडीच्या कुशीतल्या आणि मागे सुरूचे बन व वाड्या असलेल्या असतात, आणि हा फरक वक्त्यांनी एका वाक्यात उरकला. वाळूच्या बेटांचेच उदाहरण हवे होते तर ओडिशातील गहिरमाथ्याची ‘नासी’ बेटे जवळची होती. वादळ व लाटांनी तुकडे पडलेल्या, सतत आकार बदलणाऱ्या त्या वाळूवर हीच ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी चढतात, आणि काही वर्षी अजिबात चढत नाहीत.

गंमत अशी की त्या अमेरिकी बेटांमध्ये आपल्या उपयोगाची एक गोष्ट होती आणि तीच बोलायची राहिली. ती बेटे सुट्टीवर येणाऱ्यांच्या घरांनी व हॉटेलांनी भरलेली आहेत, म्हणून तिथला स्वयंसेवक कासवाइतकाच माणसाला सांभाळत असतो. कोकणच्या किनाऱ्यावरही आता पुण्या-मुंबईच्या लोकांची दुसरी घरे, रिसॉर्ट आणि त्यांचे रात्रभर जळणारे दिवे आले आहेत. दिवा बंद करा असे एखाद्या घरमालकाला, त्याचा अपमान न होता, कसे सांगावे याचा अर्ध्या तासाचा सराव त्या दीड तासात सहज बसला असता, आणि वीस पुणेकरांच्या तुकडीला त्याची गरज सर्वांत जास्त होती.

दुसरा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला, आणि त्याने मोबाइलची भरपाई केली असे मी समजते. त्या बेटांवर बहुतेक घरटी जागच्या जागी ठेवून भोवती खुंट्या रोवतात, मग आपल्याकडे अंडी उचलून कुंपणाच्या आत का नेतात, असे त्याचे विचारणे होते. अंडी हलवणे हा शेवटचा उपाय मानावा, हे वक्त्यांनी बरोबर सांगितले, पण पुढे ते अडखळले. उत्तर मागच्या रांगेतून तात्यांनी दिले. कोल्हा, भटकी कुत्री, रानडुक्कर हे घरटे एका रात्रीत रिकामे करतात, भरतीच्या रेषेखाली घातलेली अंडी पाण्याखाली जाऊन कुजतात, आणि पूर्वी गावातली माणसेही अंडी काढून न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासमध्ये काम उभे केले ते याच परिस्थितीत. कुंपणातल्या घरट्याची किंमतही त्यांनी लपवली नाही. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते, साधारण २९ ते ३० अंशांच्या वर माद्या वाढतात आणि खाली नर, त्यामुळे सगळी अंडी एकाच उघड्या जागी पुरली तर त्या तापमानाची जबाबदारी आपल्यावर येते. मार्चचे ऊन चढले की ते वर शेडनेट बांधतात व वाळूत खुपसलेल्या तापमापकाची रोज नोंद घेतात.

दुसऱ्या दिवशीची सकाळ नोंदतक्त्यावर गेली. कासवाच्या पाठीची लांबी वक्र पृष्ठावरून शिंप्याच्या टेपने मोजायची असते आणि त्यासाठी उपडे घमेले ठेवले होते. तीन जणांनी एकाच घमेल्याची तीन मापे आणली, यावरून टेप ताणून धरणे किती अवघड असते ते सर्वांना उमगले. मादी अंडी घालून परत निघाल्याशिवाय तिला टेप लावायचा नाही, हे तक्त्याच्या माथ्यावरच छापलेले होते, ते चांगले केले होते. यानंतरची दहा मिनिटे मला फार आवडली. तात्यांनी भरती-ओहोटीचे मोबाइल अॅप बाजूला ठेवायला लावून तिथीला पाऊणने गुणायला सांगितले. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती. पौर्णिमेला व अमावास्येला सव्वाअकरा. भरतीची वेळ कळली की खालच्या भागातला माग किती वाजेपर्यंत शाबूत राहील हे कळते, आणि गस्तीची वेळ त्यावर बेतता येते. माझ्या आजीला हे गणित येत असे, आणि ते मला पन्नाशीनंतर एरंडवण्यात शिकावे लागले.

उपग्रहाद्वारे माग काढलेल्या कासवांवरचे छोटे सत्र नेटके होते. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात पहिल्यांदा ट्रान्समीटर बसवलेल्या पाच माद्यांची, म्हणजे वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या रेवा, लक्ष्मी व वनश्री यांची वाट नकाशावर दाखवली. ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, हे ऐकल्यावर बिल्ल्याचा क्रमांक नीट वाचून लिहिण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नाही.

आता साहित्याच्या पिशवीविषयी. रात्रीच्या गस्तीला गडद कपडे घालावेत असे पहिल्या दिवशी शिकवून दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र टी-शर्ट हातात ठेवणे, याला काय म्हणावे ते मला कळत नाही. सोबत एक शिट्टी दिली आहे, जिचा किनाऱ्यावर कोणी उपयोग करू नये अशी माझी विनंती आहे. डोक्याला बांधायची बॅटरी लाल उजेडाची आहे खरी, परंतु तिचे बटण पहिल्यांदा दाबले की आधी डोळे दिपवणारा पांढरा झोत पडतो, दुसऱ्यांदा मंद पांढरा, आणि लाल दिवा तिसऱ्या दाबाला येतो. म्हणजे प्रत्येक वेळी लाल उजेड हवा असेल तर आधी अख्ख्या पुळणीला पांढरा दाखवावा लागणार. मी अप्पा बळवंत चौकातून २० रुपयांचा लाल जिलेटिन कागद आणला आणि दुहेरी घडी करून रबराने काचेवर बसवला. वही व टेप मात्र चांगल्या प्रतीचे आहेत.

सर्वांत गंभीर तक्रार वेगळी आहे. समुद्री कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, आणि अंडी हाताळण्याचे काम वन विभागाची परवानगी असलेल्या कासवमित्रांचेच असते. आपण बादली धरायची, आकडे लिहायचे, लोकांना मागे थांबवायचे आणि सांगितले तरच वाळू उपसायची. हे शेवटच्या दिवशी, निरोपाच्या चहाआधी सांगितले गेले, आणि दोघा-तिघांचे चेहरे स्पष्टपणे उतरले, कारण ते पिलांना हातात घेऊन छायाचित्र काढण्याच्या कल्पनेनेच आलेले होते. ही गोष्ट शुल्क घेण्याआधी सांगायला हवी. गावात कोणाच्या घरी राहायचे, पंगतीला किती वाजता बसायचे, रात्री उशिरा परतताना दार वाजवायचे की नाही, याविषयी तर काहीच सांगितले नाही; वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आहे, ही माहिती मात्र दोन वक्त्यांनी दोनदा दिली.

एवढे असूनही पुढच्या वर्षी कोणी विचारले तर मी जा म्हणेन, मात्र पहिल्या दिवसाची दुपार सोडून द्यावी आणि त्या वेळेत तात्यांच्या शेजारी बसून चहा घ्यावा, असेही सांगेन. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सोबत बसायला जाड पोते न्यावे, आणि हाताला डासांचे मलम लावून जाऊ नये, कारण तसा हात अंड्यांजवळ चालत नाही. आमचे दोघांचे नाव जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी लागले आहे. पांढरे टी-शर्ट मी घरी गडद निळ्या रंगात बुडवून काढले. कापडाने रंग धरला, पण छातीवर छापलेले कासव काही केल्या रंग घेईना, ते पांढरेच राहिले आहे.